सापाऐवजी खंडोबाचा किडा: घरी मॅन्टिस पाळून त्यांची पैदास करण्याची रीत

पावसाळा सरला की साप पाळण्याची इच्छा घेऊन कोल्हापुरातले दोन-चार तरुण दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी कायदा सांगतो आणि मग गॅलरीत नेऊन खंडोबाचे किडे दाखवतो. जे थांबून पाहतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कायदा थोडक्यात असा. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्या शिवारात आढळणारे साप १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षित आहेत. ते पकडणे, घरात ठेवणे, विकणे किंवा त्यांची पैदास करणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत त्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. ऊसतोडीच्या दिवसांत अंगणात धामण आली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि सर्पमित्र येईपर्यंत लांबून लक्ष ठेवावे. बरणीत घालून 'दोन दिवस ठेवतो' म्हणणेही कायद्यात बसत नाही. राहिला परदेशी बॉल पायथन. हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींपैकी असल्यामुळे तो बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, आणि पिल्ले झाली, साप मेला किंवा दुसऱ्याकडे गेला तरी ते कळवावे लागते. शिवाय तो वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो, डब्याच्या एका टोकाला सतत ३१-३२ अंशांची ऊब मागतो आणि उंदरांशिवाय दुसरे काही खात नाही. वीज गेलेल्या जानेवारीच्या रात्री ती ऊब कशी टिकवणार आणि फ्रीजमध्ये गोठवलेले उंदीर घरातले किती दिवस चालवून घेणार, या दोन प्रश्नांची उत्तरे तयार नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

खंडोबाचा किडा, म्हणजे पुस्तकातला प्रार्थना कीटक आणि शौकीनांच्या बोलण्यातला मॅन्टिस, आपल्याकडे सरसकट नाकतोडा म्हणून ओळखला जातो. पण नाकतोडा पाला खातो आणि हा नाकतोड्याला खातो. तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत नाही. मात्र राधानगरी किंवा चांदोलीसारख्या संरक्षित क्षेत्रातून साधा कीटकही उचलून आणता येत नाही, आणि परदेशी जातींची अंडी टपालाने मागवणे हे तर वनस्पती विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशाखाली परवानगीशिवाय चालत नाही. त्याची गरजही नाही. आपल्या परिसरात मिळणारी हिरवी, सात-आठ सेंटिमीटर लांबीची, पुढच्या पंखाच्या कडेला फिकट ठिपका असलेली हायरोड्यूला ही जात नवख्यासाठी उत्तम आहे. डोंगराकडे क्रिओब्रोटर ही फुलांवर बसणारी छोटी, देखणी जात दिसते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवावी. वाळक्या पानांच्या जुडीसारखी दिसणारी व्हायोलिन मॅन्टिस पाहून सगळेच भाळतात, पण तिला तिशीच्या पुढचे तापमान आणि जवळजवळ केवळ उडते भक्ष्य लागते, म्हणून तिच्या नादी सुरुवातीला लागू नये.

आधी माश्या, मग किडे

खंडोबाचे किडे पाळणे म्हणजे नव्वद टक्के माश्या पाळणे होय. नवखा माणूस नेमके उलटे करतो. अंड्यांचा कोश घरी आणतो, त्यातून एका सकाळी दीडशे पिल्ले बाहेर पडतात, आणि त्यांना काय घालायचे हे तो दुपारी शोधू लागतो. पिल्ले पहिला दिवसभर काही खात नाहीत, दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या भावंडाकडे पाहू लागतात आणि आठवड्याच्या शेवटी डब्यात चार-पाच उरतात. म्हणून कोश आणण्याच्या किमान तीन आठवडे आधी चिलटांच्या बरण्या लावाव्यात. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी, तांबड्या डोळ्यांची ही चिलटे म्हणजे प्रयोगशाळांतली ड्रॉसोफिला. आंबा किडवणारी फळमाशी वेगळी, ती इथे उपयोगाची नाही.

चिलटांचे खाद्य करायला कोल्हापूरइतके सोयीचे गाव नाही, कारण त्याचा मुख्य घटक गूळ आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत रवा, गूळ आणि अगर यांचे जे मिश्रण वापरतात, तेच घरगुती प्रमाणात करता येते: पाव लिटर पाणी, २५ ग्रॅम गूळ, २५ ग्रॅम बारीक रवा आणि अडीच ग्रॅम चायना ग्रास, म्हणजेच अगर. पाण्यात चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, गूळ घालावा, मग रवा भुरभुरत सतत ढवळावे आणि मिश्रण पातळ शिऱ्याइतके झाले की आच बंद करावी. कोमट झाल्यावर बुरशी रोखण्यासाठी चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे, स्वच्छ बरणीत दोन बोटे जाडीचा थर ओतावा, आणि पूर्ण थंड झाल्यावरच वर चिमूटभर कोरडे यीस्ट टाकावे, कारण गरम मिश्रणात यीस्ट मरते आणि मग अळ्यांना खायला काही राहत नाही. गूळ घेताना पिवळाधमक, दिसायला सुंदर गूळ टाळून काळपट, साधा गूळ घ्यावा; रंग उजळवण्यासाठी वापरलेली रसायने यीस्टला मानवत नाहीत. अंड्यांच्या ट्रेचा एक तुकडा उभा खोचला की माश्यांना बसायला जागा होते आणि अळ्यांना कोष करायला कोरडा भाग मिळतो.

बरणी उघडी ठेवून शेजारी केळ्याची फोड ठेवली की दिवसभरात वीस-तीस चिलटे आत येतात. मग तोंडाला सुती फडके रबराने घट्ट बांधावे. साधारण २५ अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत दहा-बारा दिवस लागतात. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवसांच्याही पुढे जातात. उन्हाळ्यात उलट अडचण येते, कारण तिशीच्या वर नर निर्बीज होऊ लागतात आणि बरणी भरलेली दिसूनही पुढची पिढी उठत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मी बरण्या स्वयंपाकघरात माठाच्या शेजारी फरशीवर ठेवतो, तेवढ्याने काम भागते. दर आठवड्याला एक नवी बरणी लावावी, म्हणजे वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या तीन बरण्या कायम हाताशी राहतात. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात ओळख असेल तर खुरट्या पंखांचा, न उडणारा वाण मिळतो का ते विचारावे. तो मिळाला तर घरच्यांची बोलणी निम्म्याने कमी होतात. साधी, उडणारी चिलटे खाऊ घालताना बरणी तीन-चार मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी. ती सुन्न होतात आणि चमचाभर उचलून पिल्लांच्या डब्यात टाकता येतात.

मादी आणि कोश कुठून मिळवायचा

गणपती ते दिवाळी हा पूर्ण वाढलेले खंडोबाचे किडे दिसण्याचा काळ. नर ट्यूबलाइटकडे उडत येतात. जड पोटाच्या माद्या झुडपांत, कुंपणाच्या मेंदीत, शेताच्या बांधावर डोके खाली करून लटकलेल्या सापडतात. रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या बाजूची, फवारणी नसलेली झाडोऱ्याची जागा पाहावी. भाजीच्या आणि उसाच्या फडातून किडे आणू नयेत; फवारलेले भक्ष्य खाल्लेला किडा घरी येऊन आठवडाभरात थरथरत मरतो. ऑक्टोबरात सापडलेल्या मादीचे मीलन बहुधा आधीच झालेले असते, त्यामुळे पहिल्या वर्षी जोडा लावण्याच्या भानगडीत न पडता अशी एक मादी आणून तिला नीट खाऊ घालणे पुरेसे असते.

ती रात्री काडीला किंवा जाळीला चिकटवून फेस सोडते आणि त्या फेसात अंडी घालत जाते. फेस तासाभरात वाळून तपकिरी, हलक्या खोक्यासारखा कोश होतो, त्याला शौकीन ऊथेका म्हणतात. बाहेर सापडलेला कोश आणत असाल तर तो भिंगाखाली फिरवून पाहावा. बाजूला टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे असतील, तर त्यातून पिल्लांऐवजी लांब शेपटीच्या इवल्या परजीवी गांधीलमाश्या आधीच निघून गेल्या आहेत असे समजावे. कोश काडीसकट कापावा आणि ज्या दिशेने तो होता त्याच दिशेने डब्याच्या छताला बांधावा. पिल्ले खालच्या बाजूस लोंबकळत बाहेर येतात, म्हणून त्याच्या खाली किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. २५ ते २८ अंशांत तीन ते सहा आठवड्यांत कोश फुटतो, थंडीत दोन महिनेही लागतात. त्या काळात दोन दिवसांआड हलका पाण्याचा फवारा पुरतो.

कोश फुटणे बहुधा सकाळी होते आणि ते एकदा तरी बसून पाहावे. प्रथम कोशाच्या शिवणीतून पिवळसर, डोळे चिकटलेल्या अळीसारखे जीव बारीक धाग्यांवर लटकत बाहेर येतात, जणू कोणी भिजवलेल्या शेवया सोडत आहे. त्या धाग्यावरच ते पहिली कात टाकतात, पाय सुटतात, आणि अर्ध्या तासात डब्यात सगळीकडे मुंग्यांएवढी, डोके वळवून पाहणारी पिल्ले चढू लागतात. या वेळी डब्याला हात लावू नये.

डबा, पाणी आणि मुंग्या

पिल्लांसाठी महागडे काही घेण्याची गरज नाही. पांढऱ्या-तांबड्या रश्श्याच्या पार्सलचे गोल पारदर्शक डबे आमच्या घरात नेहमीच साठतात; तेलाचा थर पूर्ण जाईपर्यंत ते गरम पाण्याने दोनदा धुऊन वाळवले की एका डब्यात एक पिल्लू सुखाने राहते. झाकणाला मोठे भोक पाडून त्यावर मच्छरदाणीचे कापड चिकटवावे. किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी हे माप कायम ध्यानात ठेवावे, आणि किडा वाढेल तसा डबा बदलावा; पूर्ण वाढलेल्या मादीला पाच लिटरची उभी बरणी हवी. दोन आठवड्यांपर्यंत पिल्ले भरपूर खाद्यासह एकत्र राहतात, त्यानंतर त्यांना वेगळे करावेच लागते. पहिल्या वर्षी पंधरा-वीसच ठेवावीत. एका पिल्लाला रोज पाच-सहा चिलटे धरली तर शंभर पिल्लांना दिवसाला पाचशे लागतात, आणि तीन बरण्यांतून ती निघत नाहीत.

पाणी डब्याच्या कडेवर फवाऱ्याने द्यावे. किडा थेंब चाटतो. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे. मार्च ते मेमध्ये दिवसातून दोनदा फवारा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये, पंचगंगा पात्राबाहेर येण्याच्या दिवसांत, हवाच इतकी ओली असते की फवारा पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर दोन दिवसांत तळाशी बुरशी धरते.

मुंग्या हा खरा शत्रू. दुधाचे पातेले जसे परातीतल्या पाण्यात ठेवतात, तसेच डब्यांचे स्टूल चार पाण्याच्या वाट्यांत उभे करावे आणि ते भिंतीला टेकू देऊ नये. दुसरा शत्रू आपणच प्लगमध्ये खोचतो. माझ्याकडे एका वर्षी तीन आठवड्यांची साठ पिल्ले होती. पाहुणे आले म्हणून त्या खोलीत रात्री डास मारण्याचे लिक्विड मशीन लावले गेले आणि सकाळी एकूण एक पिल्लू पाठीवर पडलेले होते. डासांच्या औषधात जे असते ते कीटकांसाठीच बनवलेले असते, हे मला माहीत होते, फक्त त्या रात्री सुचले नाही. अगरबत्ती, धूप, उंदीर-झुरळांची फवारणी, नुकताच दिलेला रंग या सगळ्यांपासून डबे वेगळ्या खोलीत ठेवावेत.

खाणे

किड्याचे पोट पाहून खायला द्यावे, घड्याळ पाहून नव्हे. पोट चपटे असेल तर भूक आहे; फुगून वाटोळे असेल तर दोन दिवस काही देऊ नये. लहान पिल्ले रोज किंवा एक दिवसाआड खातात, मोठी मादी दोन-तीन दिवसांआड. भक्ष्य किड्याच्या अर्ध्या लांबीपेक्षा मोठे नसावे. चिलटांनंतर घरमाश्या, पतंग, लहान नाकतोडे असा क्रम येतो. रातकिडे दिले तर न खाल्लेला रातकिडा संध्याकाळी काढून टाकावा, कारण कात टाकणाऱ्या असहाय किड्याला तो कुरतडतो. घरातले झुरळ कधीही देऊ नये, ते कुठल्या औषधावरून चालत आले आहे ते सांगता येत नाही.

रात्री किड्याचे डोळे काळे पडलेले पाहून नवखे घाबरतात. तो त्याच्या डोळ्यांचा रात्रीचा रंग आहे, सकाळी पुन्हा हिरवा होतो. दिवसा डोळ्यात एक काळा टिंब तुमच्याकडे वळताना दिसतो, तोही खरा नाही, पाहणाऱ्याच्या कोनानुसार सरकणारा आभास आहे. मात्र न हलणारा तपकिरी डाग दिसला तर किडा प्लास्टिकच्या भिंतीवर डोळा घासत आहे असे समजावे आणि त्याला चारही बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यात हलवावे.

कात

कात टाकणे हा शब्द मराठीत सापाच्या नावावर लागला असला तरी घरात मरणाऱ्या खंडोबाच्या किड्यांपैकी बहुतेक कात टाकतानाच मरतात. हायरोड्यूला पूर्ण वाढ होईपर्यंत सात ते नऊ वेळा कात टाकते. तीन-चार दिवस आधी ती खाणे सोडते, छताला उलटी लटकते, आणि वाढीच्या शेवटच्या टप्प्यात पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगतात. मग पाठ उकलते, किडा स्वतःच्या वजनाने खाली सरकत जुन्या कातडीतून बाहेर येतो, काही मिनिटे तसाच लोंबकळून राहतो आणि उलटा वळून रिकाम्या कातीला धरतो. या सगळ्यासाठी त्याला दोनच गोष्टी लागतात: नख रुतेल असे खडबडीत छत आणि खाली स्वतःच्या लांबीच्या दुप्पट मोकळी जागा. गुळगुळीत झाकणावरून अर्ध्या वाटेत खाली पडलेला किडा वाकड्या पायांनी कडक होतो, आणि तो सरळ करता येत नाही. म्हणून जेवण सोडलेल्या किड्याचा डबा उघडू नये, हलवू नये, त्यात भक्ष्य टाकू नये. फक्त आदल्या संध्याकाळी हलका फवारा द्यावा, कारण कोरड्या हवेत कात पायांना चिकटते. कात टाकल्यावर लहानग्यांना एक दिवस आणि मोठ्यांना तीन-चार दिवस खायला देऊ नये, जबडे अजून मऊ असतात.

जोडा लावणे

पोटाची खालची बाजू मोजली की नर-मादी कळतात: मादीला सहा खंड दिसतात, नराला आठ. मोठेपणी नर सडपातळ, लांब मिशांचा आणि पोटापलीकडे गेलेल्या पंखांचा असतो. एकाच कोशातले नर लवकर मोठे होतात आणि माद्यांची वाट पाहत म्हातारे होतात, म्हणून नरांना थोड्या थंड जागी आणि कमी खाण्यावर ठेवावे, माद्यांना उबेत आणि भरपूर. शेवटच्या कातीनंतर नराला दहा दिवस आणि मादीला दोन ते तीन आठवडे द्यावेत. तयार झालेली मादी रात्री पंख किंचित उचलून पोटाचे टोक खाली वळवते. ती नराला गंधाने बोलावत असते.

मादीला सलग दोन दिवस पोटभर खाऊ घालावे. संध्याकाळी मोठ्या, काड्या असलेल्या पिंजऱ्यात तिच्या हातात एक पतंग द्यावा, आणि ती खाण्यात गुंतली की नराला तिच्या मागच्या बाजूस, वीत-दीड वीत अंतरावर सोडावे. समोरून कधीही सोडू नये. तो तासन् तास गोठल्यासारखा उभा राहतो, वाऱ्याच्या झुळकीसारखा डोलत एकेक पाऊल टाकतो आणि अचानक तिच्या पाठीवर झेप घेतो. मीलन कित्येक तास चालते. मादी नराला दर वेळी खातेच असे नाही. पोट भरलेले असेल आणि नराला पळायला जागा असेल तर तो बहुतेकदा वाचतो. तरीही तो खाली उतरेपर्यंत लांब काडी हातात घेऊन बसावे. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत मादी पहिला कोश घालते आणि त्या एका मीलनावर तीन ते सहा कोश देते. मीलन न झालेली मादीही कोश घालते, पण तो सहसा फुटत नाही, त्यामुळे प्रत्येक कोशावर तारीख आणि मादीची खूण चिकटवून ठेवावी. शेवटच्या कोशानंतर तिचे पाय गळू लागतात, पकड सुटते. तेव्हा तिला तळाशी कापड अंथरलेल्या बुटक्या डब्यात ठेवावे आणि चिमट्याने धरून लहान भक्ष्य तोंडाशी द्यावे.

जास्तीची पिल्ले मादी जिथून आणली त्याच परिसरात सोडावीत, दुसऱ्या जिल्ह्यात नव्हे. दुसऱ्या कातीनंतरची पिल्ले घ्यावीत, संध्याकाळी ऊन उतरल्यावर न्यावीत, आणि एका झुडपावर पाच-सहापेक्षा जास्त ठेवू नयेत. डबा उलटा करून ती झटकू नयेत. डब्याचे तोंड फांदीला टेकवून धरले की ती आपणहून चढून जातात.